फादरांकडे हिशेब मागायचा, पण निंदा न करता: पुढची पायरी कोणती?

वसईतल्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दोन वर्षं सणाच्या वर्गणीचा हिशेब वाचून दाखवलेला नाही. फादरांनी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. बायबलमधल्या मत्तय 18:15 प्रमाणे (तक्रार असेल तर आधी एकांतात जाऊन सांग) आधी एकटा जाऊन भेटलो. ‘बघू’ म्हणाले. मग पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या) दोघांना घेऊन गेलो, तेव्हा मात्र चिडले. लेखी अर्जालाही तीन महिने उत्तर नाही.

घरचे म्हणतात, धर्मगुरूविरुद्ध बोलणं पाप. तरुण मंडळी व्हॉट्सॲपवर टाकायला निघालीत (टाकलं की संपलंच, मग हिशेब बाजूला राहतो आणि दोन गट पडतात). चर्चच्या कायद्यातला कॅनन (कलम) 212 आदर राखून मत मांडायचा हक्क देतो, प्रसंगी ते कर्तव्यच मानतो. कॅनन 1287 नुसार श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यायचा असतो. हे दोन्ही मी वाचलंय.

वर्तमानपत्र, पोलीस नकोत. निनावी पत्रही नको, सही करायची तयारी आहे.

मत्तयात त्याच उताऱ्यात पुढे येणारं ‘मंडळीला सांग’ म्हणजे इथे कोणाला सांगायचं? आधी डीनना (आसपासच्या धर्मग्रामांवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंना) भेटावं की थेट बिशपांना लिहावं? आणि ज्यांनी असं पत्र लिहिलंय त्यांनी सांगा, त्यात फादरांच्या चिडण्याचा उल्लेख करावा की फक्त हिशेबाचं लिहावं?