पिल्लू आणि व्हॅक्यूम क्लीनर: तुमच्याकडे काय काय झालं?

तापीकाठची
परवा जळगावला मोठ्या जाऊबाईंकडे होते. कानबाई (आपली खान्देशातली श्रावणातली देवी) बसणार म्हणून अख्खं घर बाहेर काढलेलं, गाद्या गच्चीवर, डबे अंगणात, रंगवाला जिन्यात, आणि पुतण्याने नुकतंच आणलेलं अडीचेक महिन्यांचं पिल्लू सगळ्यांच्या पायात. तेवढ्यात पुतणीने हॉलमध्ये व्हॅक्यूम क्लीनर लावला. पिल्लू जे सुटलं ते थेट देवघराच्या चौरंगाखाली, आणि तिथेच शू. जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गोमूत्र कुठंय म्हणून शोधाशोध.
मला एकदम आमचा मोत्या आठवला. भुसावळला रेल्वे क्वार्टरला होतो तेव्हा टायवाले सेल्समन दारोदार फिरून मशीनचा डेमो द्यायचे. एकाने आमच्या गादीतली धूळ ओढून पेपरवर पसरून दाखवली, आई लाजेने अर्धी झाली, आणि मोत्या पलंगाखाली जाऊन बसला तो रात्री जेवायलाही बाहेर येईना. आणि हाच कुत्रा मालगाडीच्या शंटिंगच्या धडामधुडूममध्ये घोरत पडायचा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.
तर तुमच्याकडे पिल्लांना या मशीनची सवय कशी लावली? पुतण्यासाठी विचारतेय. जमेल तसं लिहा.

कळण्याची_भाकरी
आव माय, देवघराखाली 😂 कितला गोड शे पन

दीपनगर_राख
आमच्याकडे व्हॅक्यूमशिवाय भागतच नाही, वीज केंद्राच्या जवळ राहतो, खिडकी उघडी राहिली की टेबलावर बोटाने नाव लिहा. त्यामुळे पिल्लू आलं त्या आठवड्यापासूनच सुरू केलं. मशीन बंद ठेवून हॉलच्या कोपऱ्यात नुसतं पडू दिलं, पाइप ब्रश सगळं जोडलेलं, आणि त्याच्या जेवणाचा वाडगा त्याच खोलीत पण लांब. रोज थोडा जवळ सरकवायचा. ते स्वतःहून जाऊन मशीन हुंगायला लागलं, एकदा तर पाइपवर डोकं ठेवून झोपलं. मग बंद मशीनच इकडून तिकडे हळू ओढायचं, कारण अर्धी भीती आवाजाची नसतेच, ते चाकावर सरपटत अंगावर येतं त्याची असते. हे झाल्यावरच बटण. तेही मशीन आतल्या बेडरूममध्ये, दार लावून, आणि पिल्लू स्वयंपाकघरात बायकोजवळ पनीर खात बसलेलं.
बाकी राखेचं काय लिहू, गच्चीवरचे पापड काळे होतात.

धुळ्याची_मुलगी
@दीपनगर_राख पापड कुठले, उडदाचे का नागलीचे?

दीपनगर_राख
उडदाचे. नागलीचे सासरवाडीहून येतात.

केळीवाला_रावेर
आमना कुत्राले तं कसानाच भ्याव नही लागस भो. उलट मशीन चालू झालं की धावून जातो, ब्रश चावतो, मुलं हसतात. हे चांगलं ना?

जनावरांचा_डॉक्टर
@केळीवाला_रावेर भाऊ नेहमीच नाही. शेपूट सैल हलतेय, खेळायला वाकतोय, हाक मारली की लगेच येतो, तर खेळ आहे. पण मानेवरचे केस उभे, अंग ताठ, भुंकून मागे पळतो परत येतो, तर ती भीतीच, फक्त तोंड पुढे करून. आणि पोरांना सांगा की ब्रश घेऊन त्याच्यामागे पळू नका. वायर चावली तर वेगळंच प्रकरण होईल. त्याला आधी दुसऱ्या खोलीत हाडूक द्या मग साफसफाई करा.
धागा चांगला आहे, रात्री दवाखाना बंद करून सविस्तर लिहितो.

शेवभाजी_जास्त_रस्सा
आमच्याकडे नवरा गेली दोन वर्षं सांगून राहिला की "पिल्लू घाबरतं म्हणून मी व्हॅक्यूम करत नाही". पिल्लू आता वासराएवढं झालंय. घाबरत बिबरत काही नाही.

चाळीसगाव_लोकल
😂😂 भाऊंना माझा नमस्कार सांगा, आयडिया वापरतो

कपाशीवाला
हे सगळं शहरातल्या लोकांचे लाड आहेत. आमच्याकडे जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कुत्री असतात, दिवसभर मशीन धडधडतं, ट्रॅक्टर, ट्रक, कोणी पनीर देत नाही. आपोआप सवय होते. झाडू घ्या, प्रश्नच मिटला.

मानसशास्त्र_शिकवते
@कपाशीवाला दादा तुमची जिनिंगवरची कुत्री बहुतेक तिथेच जन्मलेली असणार. तिथेच तर सगळी गोम आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे ऐकतं बघतं ते त्याला "असतंच हे" म्हणून मुरतं. त्यानंतर आलेली नवी गोष्ट संशयाने बघतं. ताईंचा मोत्या शंटिंगमध्ये झोपायचा तो त्यामुळेच, रूळाकाठचाच असेल. व्हॅक्यूम त्याने मोठेपणी पहिल्यांदा ऐकला, तोही बंद खोलीत, परक्या माणसाच्या हातात. "आपोआप सवय" म्हणजे पळायला जागा असताना, लांबून, रोज ऐकून झालेली सवय. दोन बीएचकेत ते कुठून आणणार.
आणि अजून एक, कॉलेजात शिकवते म्हणून राहवत नाही. ही खाऊची पद्धत कुत्र्यांसाठी निघालेली नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. पोरगं आवडीचं खात बसलेलं असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग थोडा जवळ, मग अजून जवळ, शेवटी पोरगं सशाला हात लावायला लागलं. माझी मुलं ह्या टॉपिकला जागी असतात, बाकी तासाला झोपतात.

कपाशीवाला
आमची जिनिंगचीच आहेत खरी, पोत्यांच्या थप्पीमागे व्याली होती. बरं चालू द्या.

तापीकाठची
मोत्या गँगमनच्या झोपडीमागे सापडला होता, बाबांनी पिशवीत घालून आणला. बरोबर आहे तुमचं. एवढ्या वर्षांनी कोडं सुटलं म्हणायचं.

अमळनेरकर
कुलरचं कोणी लिहिलं नाही अजून? आमचं पिल्लू मार्चमध्ये आलं, एप्रिलला लोखंडी कुलर लागला, तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा आणि कुलरचा आवाज विमानाचा. पिल्लू त्याच्याचसमोर पाय पसरून झोपायचं. आम्ही म्हटलं हे बहाद्दर निघालं. पावसाळ्यात व्हॅक्यूम काढला तर अंगणात पळालं, गेट ओलांडून थेट शेजारच्यांच्या तुळशीमागे. आवाज जवळपास तेवढाच. पण कुलर एका जागी उभा, एकसुरी, आणि गार हवा देतो. व्हॅक्यूम गप असताना एकदम किंचाळतो, गादीवर एक आवाज फरशीवर दुसरा, आणि मागे मागे येतो.
मी काय केलं, पोराला सांगितलं तू बाहेर ओट्यावर मशीन लाव, आणि मी पिल्लाला घेऊन गल्लीच्या टोकाला बसलो. मशीन चालू, केळ्याचा तुकडा तोंडात. मशीन बंद, केळं बंद. लोक विचारायचे काका काय चाललंय. रोज एकेक घर पुढे सरकलो. गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यावर येऊन बघायच्या, एकीने तर खुर्ची आणली होती.

केळीवाला_रावेर
केळं 💪 आपला माल

नंदुरबारी_मिरची
खाऊ म्हणून शेव चालते का? आमचं शेवेशिवाय हलत नाही

जनावरांचा_डॉक्टर
@नंदुरबारी_मिरची शेव नको, मीठ तिखट दोन्ही जास्त. भरीत तर अजिबात नको, कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याला विष आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट पण नाही. उकडलेलं चिकन बिनमिठाचं, उकडलेलं अंडं, पनीर, केळं थोडं. तुकडा शेंगदाण्याएवढा, नाहीतर चार तुकड्यांत पोट भरतं आणि मग कोण विचारतो.
आता सविस्तर. एक, क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, लगेच मागून खाऊ. उलटं केलं की पिल्लाला खाऊ दिसला तरी धडकी भरते, आता मशीन येणार म्हणून. दोन, आवडीचा तुकडा नाकासमोर धरूनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. त्याआधीच ते सांगत असतं, झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली. तीन, कडेवर घट्ट धरून "बघ काही नाही होत" म्हणत मशीनजवळ नेऊ नका, सगळ्यात जास्त लोक हेच करतात. पळायची वाट मोकळी ठेवा. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारापर्यंत, त्यामुळे मोटरची जी बारीक शिट्टी आपल्याला ऐकूच येत नाही ती त्याच्या कानात वाजत असते.
आणि लशी पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन ओट्यावर उभं राहून बाजाराचे आवाज ऐकवायला काही हरकत नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा तो उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, आपल्याकडे भरपूर आहे.

कळण्याची_भाकरी
भरिताबद्दल असं बोलू नका डॉक्टर, मन दुखतं

धुळ्याची_मुलगी
डॉक्टर, आमच्या सासूबाई म्हणतात घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की भित्रं होतं, एकटं सोडा. खरं का?

जनावरांचा_डॉक्टर
नाही. भीती म्हणजे हट्ट नाही, लाड केले म्हणून वाढायला. ते स्वतःहून येऊन चिकटलं तर बसू द्या, हात फिरवा, साध्या आवाजात बोला. ओढून घेऊ नका एवढंच.

धुळ्याची_मुलगी
हे सासूबाईंना कोण सांगणार 🙏

चाळीसगाव_लोकल
आम्ही मोबाइलवर व्हॅक्यूमचा आवाज लावायचो, जेवताना, एकदम बारीक, मग वाढवत. फायदा झाला पण अर्धाच, फोनच्या स्पीकरमधून तो घरघराट येत नाही. टीव्हीच्या साउंडबारवर लावला तेव्हा खरा फरक पडला. शेजारी विचारायला आले तुमच्याकडे रात्री दहाला कसली साफसफाई.
त्यात दिवाळीचे फटाके, लग्नाचा डीजे हे पण टाकलं. पोळ्याला आमच्या दारावरूनच बैल जातात, ढोल ताशा हलगी, पठ्ठ्या खिडकीत बसून बघत होता.

बोदवडची_वहिनी
मी सगळं वाचलं नाही, पिल्लाला आंघोळ घालून मशीनच्या उलट्या हवेने वाळवतात ना काही लोक, रिल बघितली. ते नका करू प्लीज. आमच्या बाजूच्यांनी केलं, आता ते मशीनलाच काय मिक्सरला पण घाबरतं. वहिनीने चटणी वाटायला घेतली की पिल्लू गच्चीवर.

शेवभाजी_जास्त_रस्सा
मिक्सर म्हटलं की आठवलं, कोणाचं कुकरच्या शिट्टीला घाबरतं का? आमचं शिट्टी झाली की ओट्याजवळ येऊन बसतं, वरणभात मिळतो म्हणून. म्हणजे नकळत तीच पद्धत झाली की ही.

मानसशास्त्र_शिकवते
@शेवभाजी_जास्त_रस्सा शंभर टक्के. उद्या हेच उदाहरण वर्गात सांगते, चालेल ना?

शेवभाजी_जास्त_रस्सा
चालेल, नवऱ्याचं पण सांगा

यावलचा_मामा
माझं म्हातारं कुत्रं आहे, अकरा वर्षांचं. आयुष्यभर काही वाटलं नाही, यंदा उन्हाळ्यापासून मशीन काढलं की थरथरतं, पंख्याच्या खटखटीला सुद्धा उठून जातं. पिल्लाचं नाही तरी विचारतो.

जनावरांचा_डॉक्टर
@यावलचा_मामा मामा, मोठेपणी अचानक आवाजाची भीती आली तर आधी दुखणं तपासा. सांधे, पाठ, कान, दात. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की कळ येते, मग त्या आवाजाचीच भीती बसते. आमच्याकडे असे येतात. खाऊचे प्रयोग नंतर, आधी जवळच्या दवाखान्यात दाखवून या. तोवर मशीन लावाल तेव्हा त्याला मागच्या अंगणात बसवा.

यावलचा_मामा
उठताना मागचा पाय ओढतो खरा. उद्याच नेतो. आभारी आहे डॉक्टर.

तापीकाठची
पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. मशीन बंद करून जिन्याखाली ठेवलंय आणि त्याच्याजवळ पिल्लाचा वाडगा, जाऊबाई म्हणतात कानबाईच्या नैवेद्याचे रोट होईपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही, सगळी झाडलोट केरसुणीने. त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं, मशीन त्यांना पण आवडत नाही.

नंदुरबारी_मिरची
रोट कधी आहेत? यायचं का आम्ही?

तापीकाठची
या की, पण रोट भाऊबंदांनाच, तुम्हाला खीर पुरणपोळी

खान्देशी_मनी
मांजरासाठी वेगळा धागा काढू का? आमची बाई मशीनला घाबरत नाही, मशीनवर बसते, खाली उतरत नाही, महिनाभर घर तसंच आहे.