पोरं वहीत "आम्ही गेलोत" लिहितात, लाल गोल करायचा का?

वस्तीशाळा_मॅडम
नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिककडची, सध्या परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, चौथीला मराठी शिकवते. 'आमची सहल' असा निबंध दिला होता, तर बहुतेक पोरांनी "आम्ही वेरूळला गेलोत, डबा खाल्ला, संध्याकाळी घरी आलोत" असंच लिहिलंय. एकीनं तर लिहिलंय "पाऊस पडायलता म्हणून आम्ही लेणीतच बसलोत". मला ते वाक्य इतकं आवडलं की पेन पुढंच जाईना. शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात, गोल करा, आत्ताच मोडलं नाही तर दहावीपर्यंत तसंच लिहितील. पण वर्गात तर सगळे असंच बोलतात, मधल्या सुट्टीत ते सरसुद्धा! इथल्या लोकांनी सांगा, हे चूक धरायचं का? आणि "पडायलता" म्हणजे नेमकं काय, मला अंदाजानंच कळतं.

मोंढ्यातला_माणूस
मॅडम, पहिले तर त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी लातूरचा, आडतीवर बसतो, व्याकरणाचा मास्तर नाही, पण ही भाषा दिवसभर तोंडात असते म्हणून सांगतो.
आमच्याकडं मी करायलोय, तू करायलास, तो करायलाय, ती करायलीय, आम्ही करायलोत, ते करायलेत. मागचं असलं की करायलतो, करायलता, करायलती. म्हणजे पडायलता = पडत होता. "करायला लागलो"चं घासून घासून हे झालंय असं मला वाटतं, पण पुण्यात "करायला लागलो" म्हणजे आत्ता सुरुवात केली, आमच्यात करायलोय म्हणजे काम चालू हाय. नकार पण वेगळाच, पोरगं ऐकंना गेलंय, मोटार चालू होईना गेलीय. येडंवाकडं काहीच नाही, सगळं बसवल्यासारखं चालतं.
आन् "गेलोत"चं म्हणाल तर पुस्तकात मी पण गेलो आन् आम्ही पण गेलो, एकटा गेला का दहा जण गेले, क्रियापदावरून कळतच नाही. आमच्यात मी गेलो, आम्ही गेलोत. सांगा आता, कोणाची भाषा जास्त नीट हाय 😄 शिवाय "आम्ही आहोत" मधला त तुमच्या पुस्तकाला चालतोच की, मग आमच्याच त नं काय घोडं मारलंय?

अभ्यासिका_रात्रपाळी
दादा भावना कळतात पण पेपर तपासणारा लातूरच्या मोंढ्यात बसत नाही ना. मी हिंगोलीचा, स्पर्धा परीक्षा देतोय. वर्णनात्मक पेपर लिहिताना माझ्या हातून "महं" (माझं) आणि "कामून" (का) जात नाहीत, ते आपोआप थांबतात, पण "आम्ही आलोत" शंभर टक्के जातं, कारण ते चूक आहे हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं, थेट टेस्ट सिरीजमध्ये मार्क कापल्यावर कळालं. म्हणून मॅडम गोल करा. प्रेमानं करा पण करा. बोलीचं कौतुक करणारे लोक परीक्षा पास होऊन बसलेले असतात, हे माझं स्पष्ट मत.

गोदाकाठ
अभ्यासिकावाल्या भावाचं अर्धं पटतं. पण चूक आणि वेगळं यात फरक करायला पाहिजे की नाही? पुण्याचा माणूस तरी लिहितो तसं कुठं बोलतो, तोंडानं "मी काम केलं, जेवण झालं" म्हणतो आणि पेपरात "केले, झाले" लिहितो. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. कारण साधं आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला 1831 ला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 ला, छापखाने, शाळाखात्याची पुस्तकं सगळं मुंबई-पुण्याकडं, तेव्हा पुण्याच्या आसपासच्या शिकलेल्या लोकांची मराठी ती प्रमाण झाली. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात, इथं सरकारी कामकाज आणि वरचं शिक्षण उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ 1918 ला निघालं तेच उर्दू माध्यमाचं. प्रमाण मराठी ठरत होती तेव्हा मराठवाडा त्या बैठकीत नव्हताच!
आणि मजा बघा, मुकुंदराज अंबाजोगाईचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ महाराज पैठणचे. अर्थात म्हणून आपण आज जनाबाईंची भाषा बोलतो असलं काही मी म्हणत नाही, ते व्हॉट्सअपवर फिरणारं खूळ आहे, सातशे वर्षांत भाषा कुठल्या कुठं जाते.

जुना_मुंशी
उर्दूचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचे वडील उर्दूत शिकलेले, 17 सप्टेंबर 1948 नंतर त्यांनी मराठीत अर्ज लिहायला नव्यानं शिकलं. पण शब्द गेले नाहीत. आम्ही खिशातल्या रुमालाला दस्ती म्हणतो, लिलावाला हर्राशी म्हणतो, बाळंतपणाला जचकी म्हणतो. मागं आमच्या घरी आजारपण होतं तर मी पुण्यातल्या पुतण्याला फोन केला, "काकूला दवाखान्यात शरीक केलंय". तो म्हणतो, "कशात शरीक केलं, काका?" त्याला वाटलं शिबिर वगैरे आहे. अरे बाबा ॲडमिट केलंय! त्याचाच बाप लहानपणी हाच शब्द वापरायचा.
सगळंच उर्दू नाही बरं का. कंत्राटदाराला आपण गुत्तेदार म्हणतो, कानडीत कंत्राटाला गुत्तिगेच म्हणतात. उदगीर-देगलूरकडं कानडी, धर्माबाद-किनवटकडं तेलुगू अशी सरमिसळ असतेच. अशा शब्दांवर मुलांचे मार्क कापू नयेत असं माझं मत. रुमाल पण फारसीतूनच आलाय, तो तेवढा शुद्ध का?

अभ्यासिका_रात्रपाळी
मुंशी काका, शब्दांचं मान्य, दस्तीला माझा विरोध नाही 😅 मी क्रियापदाचं बोलायलो.

मोंढ्यातला_माणूस
"बोलायलो" म्हणे 😂😂 गोल करा रे कोणीतरी

वाडी_ते_वैजापूर
मधेच घुसतो, सॉरी. सगळे "मराठवाड्याची बोली" म्हणायलेत पण ती एक नाहीच. लातूर-धाराशिवचं करायलाय सोलापुरात पण चालतं, फक्त तिथं शेवटी "बे" लागतं. आमच्या वैजापूर साईडला "करू ऱ्हायला", नगर-नाशिकसारखं, मॅडमना तर हे घरचंच वाटेल. हिंगोलीकडून विदर्भात उतरलं की "करून राहिला". "तो उद्या येईन" हे जालना-संभाजीनगरकडं सर्रास, लातूरवाल्याला ते कानाला खटकतं. एसटीत बसून पूर्वेकडं जात राहा, क्रियापद हळूहळू बदलत जातं, कुठं बोर्ड लागत नाही. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून ऑनलाइन ठेवलंय, मॅडम ते वर्गात ऐकवा, पोरं खूश होतील.

वस्तीशाळा_मॅडम
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. हो, आमच्या घरी "काय करू ऱ्हायला" असंच चालायचं आणि डीएडला आल्यावर मीच ते गुपचूप सोडलं, ते आत्ता आठवलं. परीक्षेचा मुद्दा सोडता येत नाही, पण लाल गोल नाही करणार. फळ्यावर दोन रकाने पाडते, घरची मराठी आणि वहीची मराठी. पोरांनीच इकडची वाक्यं तिकडं न्यायची, आणि तिकडची इकडं पण. गोष्टीत आजी बोलत असेल तर आजीच्या तोंडी घरचीच ठेवायची. एक अडलंय, "ऐकंना गेलंय" वहीच्या रकान्यात कसं लिहू? "ऐकत नाही" लिहिलं तर वैताग निघून जातो.

गोदाकाठ
"ऐकेनासं झालंय" लिहा. पूर्ण बसत नाही, पण "ऐकत नाही"पेक्षा बरं. आणि मॅडम, शेजारच्या सरांना मधल्या सुट्टीत बोलताना एकदा रेकॉर्ड करा 😄