मेंदूच्या गाठीला रेडिएशन: नाशिकलाच घ्यावं की मुंबईला न्यावं?

सिन्नरकर: वडील ५९ वर्षांचे. ऑपरेशन नाशिकला झालं, बायोप्सीत ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर), ग्रेड ४. सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड (केमोच्या गोळ्या) सांगितलंय. नातेवाईक म्हणतात, थेट टाटाला न्या. सिन्नरहून रोज जा-ये जमेल का? डॉक्टरांना काय विचारू?

गोदाकाठ: डोस दोन्हीकडे तोच: ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० वेळा. २००५ पासून हीच पद्धत रूढ आहे. फरक पडतो तो प्लॅनिंगमध्ये (किरण कुठे, किती द्यायचे याची आखणी), म्हणून तिथेच नेमकं विचारा. ऑपरेशननंतरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय (टी१ आणि फ्लेअर या दोन प्रकारच्या प्रतिमा) प्लॅनिंगच्या सीटीवर जुळवणार का? आयएमआरटी किंवा व्हीमॅट (किरणांना गाठीच्या आकाराप्रमाणे वळवणाऱ्या पद्धती) आहे का? मशीनवरच सीटी काढून जागा तपासतात का? गाठीच्या पोकळीभोवती साधारण दीड-दोन सेंमी भाग घेतात, कारण पेशी एमआरआयवर दिसतात त्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. डोळ्यांच्या नसा आणि ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) मात्र साधारण ५४ ग्रेच्या आत ठेवावं लागतं. मशीन बंद पडलं तर बुडालेले दिवस कसे भरून काढणार, हेही विचाराच.

ही उत्तरं नीट मिळाली तर नाशिकलाच घ्या. थकलेल्या माणसाला सहा आठवडे मुंबईत खोली घेऊन ठेवण्यापेक्षा घरचं जेवण आणि घरची झोप मोलाची. टाटाला ब्लॉक-स्लाइड (बायोप्सीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) नेऊन रिपोर्ट तपासून घ्या, एवढं जरूर करा. त्याच ब्लॉकवर आयडीएच आणि एमजीएमटी या जनुकांच्या तपासण्या होतात. आयडीएचमध्ये बदल सापडला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तो ग्लिओब्लास्टोमा राहत नाही. पण या रिपोर्टसाठी रेडिएशन लांबवू नका. ऑपरेशननंतर तीन ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं.

पंचवटी: गोळ्यांचं मी सांगते. रेडिएशन चालू असेपर्यंत टेमोझोलोमाइड रोज, शनिवार-रविवारीसुद्धा. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर, चौरस मीटरला ७५ मिग्रॅ, म्हणजे १.६ असेल तर १२० मिग्रॅ, १०० ची एक आणि २० ची एक कॅप्सूल. उपाशीपोटी, रेडिएशनच्या तासभर आधी. त्याच्याही अर्धा तास आधी ओंडान्सेट्रॉन, म्हणजे उलटीची गोळी. कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची नाही. दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या तर पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा.

डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) एकदम बंद करू नका, हळूहळू कमी होतं. त्याने साखर वाढते, चेहरा सुजतो आणि मग रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क आवळतो. मास्क घट्ट किंवा सैल वाटला तर लगेच सांगा, कारण डोकं दोन-तीन मिमी सरकलं तरी सगळं प्लॅनिंग सरकतं. फिटची गोळी चुकवू नका.

सिन्नरकर: महात्मा फुले योजनेत बसेल का?

गोदाकाठ: रेडिएशन बसतं, पण ते रुग्णालय योजनेत असायला हवं. मंजुरी प्लॅनिंगच्या आधीच घ्या. टेमोझोलोमाइड त्यात धरलंय का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. आणखी एक: रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांतल्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. कित्येकदा ती रेडिएशनचीच सूज असते. जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा, तुलना त्यांच्याशीच होते.