मदत हवी आहे: पाळणाघरातल्या भोंडल्यासाठी दीड ते पाच वर्षांच्या मुलांचे घरगुती खेळ

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहत्या घरीच पाळणाघर चालवते. चौदा मुलं आहेत. सगळ्यांत धाकटं दीड वर्षाचं, सगळ्यांत मोठीला पाच पूर्ण झाली. मदतीला एक मावशी आहेत. यंदा नवरात्रात एका शुक्रवारी संध्याकाळी भोंडला करायचं ठरवलंय. पाटावर तांदळाच्या पिठीने हत्ती काढणार (रांगोळी नको, बोटं लगेच तोंडात जातात), फेर धरणार. पण फेर पाच मिनिटांच्या वर टिकत नाही. अडीच वर्षांची मुलं हात सोडून सुसाट पळतात. म्हणून फेरानंतर तासभर घरच्या घरी केलेल्या खेळांची छोटी जत्रा ठेवायची आहे. पालकांकडे पैसे मागायचे नाहीत, विकतचं शक्यतो काही आणायचं नाही.

एक खेळ तयार झालाय. कूलरचा खोका कापून दोन फूट उंच ठेवला आणि त्याचा हत्ती केला. कान पुठ्ठ्याचे, कणकेच्या खळीने चिकटवलेले. सोंड म्हणजे जुन्या राखाडी लेगिंगचा एक पाय. तो दाभणाने भोकाभोवती शिवला आणि टोक वर उचलून कपाळापाशी दोन टाके घातले. मोज्यांचे बोळे सोंडेत टाकायचे, ते घसरत पोटात जातात. मागे झडप आहे, तिथून काढून परत द्यायचे. मुलांना हत्ती इतका आवडलाय की एकजण दुपारी झोपेतून उठल्या उठल्या खांद्यापर्यंत हात सोंडेत घालून बसतो.

आता अडचणी. पहिली तोंडात घालण्याची. गेल्या गोपाळकाल्याला मी हंडीला फुगे बांधले होते. एक फुटला, मुलं हसली, मीही हसले. मिनिटभराने पाहते तर दोन वर्षांची एक मुलगी शांतपणे काहीतरी चघळतेय. दातांत लाल फुग्याचा तुकडा दिसत होता, म्हणून लगेच काढता आला. तो मागे घशात गेला असता तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही. तेव्हापासून फुगे बंद. प्रत्येक वस्तू मी टिश्यूच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळीत टाकून बघते. आरपार गेली की ती तीन वर्षांखालच्या मुलांसमोर येत नाही. मणी, सागरगोटे, बाटल्यांची बुचं, चिंचोके सगळं बाद झालं. मग उरलं काय?

दुसरी अडचण पाळीची. मोठ्यांना पाळी कळते, धाकट्यांना नाही. एकाच्या हातात बोळा दिसला की चौघं रडतात. आणि तिसरी, एक तीन वर्षांचा मुलगा टाळ्या किंवा ढोलकी वाजली की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जातो. त्याला वगळून भोंडला करायचं मनाला पटत नाही.

खिरापतीतही मेख आहे. डबा वाजवून ओळखायची मजा खरी, पण आत शेंगदाणे, फुटाणे चालणार नाहीत. एकाला तर शेंगदाण्याची ॲलर्जीच आहे.

प्रतिसाद १

ताई, पंचवीस वर्षं बालवाडीत शिकवलं, त्यावरून सांगते. रांग लावूच नका. तीन-चार खेळ एकदम मांडून ठेवा आणि मुलांना हिंडू द्या. मोठ्यांना खेळायला न बोलावता काम द्या. तुमच्या पाच वर्षांच्या मुलीला हत्तीचा माहूत करा. झडपेतून बोळे काढायचे आणि धाकट्यांच्या हातात द्यायचे, एवढंच. बोळे मात्र भरपूर करा, मुलामागे तीन तरी. खेळणाऱ्यापेक्षा वस्तू जास्त असल्या की निम्मं रडणं थांबतं. बक्षीस कुणालाच नको. हरलं-जिंकलं या वयाला कळत नाही, रिकामा हात तेवढा कळतो.

दुसरा खेळ, परातीत दोन बोटं पाणी आणि त्यात बरण्यांची मोठी झाकणं. झाऱ्याने काढून टोपलीत टाकायची. परातीपाशी एक मोठं माणूस बसलेलंच हवं. पाणी कमी असलं तरी तिथून उठायचं नाही आणि खेळ संपला की लगेच ओतून टाकायचं.

कानांवर हात ठेवणाऱ्या बाळाच्या हाती आधीच्या आठवड्यात रोज दोन मिनिटं ढोलकी द्या. आपण वाजवायची नाही, त्यालाच वाजवू द्यायची. स्वतः केलेल्या आवाजाची भीती कमी वाटते. नाहीच जमलं तर फेराच्या वेळी त्याला परातीपाशी बसवा, ओढून आणू नका.

प्रतिसाद २

आमच्याकडे अकोल्याला भुलाबाई असते. तिथेही खिरापत ओळखायचीच असते. वाजवून ओळखणं मोठ्यांचं झालं, धाकट्यांना वासावरून ओळखू द्या. तीन डब्यांची तोंडं मलमलच्या फडक्याने बांधा. एकात वेलचीचा शिरा, एकात पिकलेलं केळं, एकात चिरलेलं लिंबू. माझ्या नातीने लिंबाच्या डब्याला नाक लावलं आणि आधी तोंड वाकडं केलं, मग पुन्हा लावलं, मग पुन्हा! खायला शिरा आणि केळं द्या, दोन्ही मऊ. फक्त काजू-बदामाचे तुकडे शिऱ्यात घालू नका, आणि पालकांना आदल्या दिवशी पदार्थ लिहून कळवा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार! काल माहूत करून पाहिला. मुलगी झडपेमागून हललीच नाही. एका छोट्याने तिच्याकडून बोळा घेतला, सोंडेत टाकला आणि मागे धावत जाऊन तिच्यासमोर हात पसरला. असं अकरा वेळा. कुणीही रडलं नाही. ढोलकी आजपासून देतेय. तो अजून एका बोटानेच टिचकी मारतो, पण कानांवर हात गेला नाही.

एकच अडलंय. सोंडेचं तोंड सारखं मिटतं, बोळा आत जात नाही. तार घालायची नाही, टोक बाहेर आलं तर लागेल.

प्रतिसाद ३

जुनी भरतकामाची लाकडी रिंग असेल तर तिचा फक्त आतला गोल घ्या, स्क्रूवाला बाहेरचा नको. लेगिंगची कड त्यावरून आत दुमडा आणि दुहेरी दोऱ्याने शिवून टाका. तोंड उघडं राहील आणि धरून ओढलं तरी निघणार नाही.