सोरॉरिटी: देशभर शाखा असलेली बरी की एकाच कॉलेजपुरती?

कोथरूड_ते_कोलंबस:
लेक ऑगस्टात कॉलेजला जाईल. तिने सोरॉरिटीचा विषय काढल्यापासून घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा. भारतातल्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या मुलींच्या या संघटना, नावं ग्रीक अक्षरांची. 'नॅशनल' म्हणजे ठिकठिकाणी शाखा आणि वर मुख्यालय. त्यातल्या २६ जणींची शिखर संस्था नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स (एनपीसी), १९०२ पासूनची. 'लोकल' म्हणजे एकाच कॉलेजात, वर कोणी नाही.

माझं मत लोकलच्या बाजूने. नॅशनलमध्ये आपण कशा दिसायचं हे मुली ठरवत नाहीत, मुख्यालय ठरवतं. इंडियानातल्या डीपॉ विद्यापीठात डेल्टा झीटाची शाखा रोडावली होती. मुख्यालयाने मुलाखती घेतल्या आणि ३५ पैकी २३ जणींना संघटनेचं राहतं घर सोडायला सांगितलं. २००७ मध्ये बातमी फुटली, तेव्हा कळलं की त्या २३ जणींत शाखेतल्या सगळ्या जाड मुली होत्या; शिवाय एकुलती एक कृष्णवर्णीय, एकुलती एक कोरियन आणि एकुलती एक व्हिएतनामी मुलगीही. उरलेल्या १२ पैकी सहा जणी चिडून स्वतःहून बाहेर पडल्या. मुख्यालयाचं म्हणणं, आम्ही दिसणं नाही, नव्या मुलींच्या भरतीसाठी झटण्याची तयारी पाहिली. विद्यापीठाने शेवटी संघटनेलाच नारळ दिला.

खडूस_काका:
ताई, मुख्यालय नसतं तर या मुलींना न्याय मिळाला असता, हे कशावरून? अलाबामा विद्यापीठ, २०१३. 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने छापलं की गोऱ्या मुलींच्या जुन्या सोरॉरिट्यांनी कृष्णवर्णीय मुलींना डावललं. आतल्या काही मुली उघड म्हणाल्या, त्यातली एक आम्हाला हवी होती, माजी सदस्यांनी अडवलं. म्हणजे खोडा घालणारे गावचेच होते. लोकलमध्ये तर माजी सदस्या हेच हायकोर्ट! रॅगिंग झालं तर दाद कुणाकडे मागायची? घरात काही विपरीत घडलं तर भरपाईसाठी विमा कोण काढणार?

अनुस्वार:
काका, रॅगिंगची तक्रार कॉलेजकडे करता येते, त्याला मुख्यालय लागत नाही. आणि विम्याचं म्हणाल तर त्याच्या धाकाने काय होतं ते बघा. एनपीसीच्या घरांत दारू चालत नाही. ऐकायला सोवळं वाटतं. पण पार्टी थांबत नाही, ती फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेत होते. घर त्यांचं, ग्लास भरणारा त्यांचा, कुणाला आत घ्यायचं तेही त्यांच्या मर्जीवर. नंतर एखाद्या मुलीच्या बाबतीत काही वाईट घडलं की पहिला प्रश्न, "ती तिथे गेलीच कशाला?"

डार्टमथ कॉलेजात सिग्मा कॅपा या नॅशनलच्या शाखेने १९८८ मध्ये मुख्यालयाशी काडीमोड घेतला आणि सिग्मा डेल्टा नावाने लोकल झाली. तिथे पार्टी मुलींच्या घरी होते, बारमागे मुली, आणि दारावर न प्यालेल्या मुली लक्ष ठेवून. नॅशनलच्या छत्राखाली हे करून दाखवा.

खडूस_काका:
म्हणजे दारूचा अड्डा आपल्या घरी आणला की स्त्रीमुक्ती? २१ च्या आतल्या पोरीला प्यायला दिली आणि पोलीस आले, तर नाव त्या मुलींचंच लागणार, फ्रॅटवाल्यांचं नाही.

अनुस्वार:
लागू दे की! मुलांनी इतकी वर्षं तेच केलं. (मी पीत नाही, विषय तो नाही.)

पाणीपुरी_डॅलस:
तुम्ही दोघं एकाच प्रकारच्या सोरॉरिटीवर भांडताय. २०२१ मध्ये टिकटॉकवर अलाबामाच्या भरतीचे व्हिडिओ गाजले, तेव्हापासून सोरॉरिटी म्हटलं की सोनेरी केस आणि "आजचे माझे कपडे" एवढंच लोकांना दिसतं. कृष्णवर्णीय मुलींच्या संघटनाही नॅशनलच आहेत. अल्फा कॅपा अल्फा १९०८ ची, हॉवर्ड विद्यापीठातली. कमला हॅरिस तिथल्याच. डेल्टा सिग्मा थीटा १९१३ च्या जानेवारीत निघाली आणि मार्चमध्ये तिच्या मुली वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात चालत होत्या. तिथे पदवीनंतरही बायका आयुष्यभर काम करतात. त्यांना मोठं नाव जाचत नाही.

देशी मुलींच्याही आहेत. डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनला, कॅपा फाय गॅमा ऑस्टिनला, दोन्ही १९९८ च्या. एकेका कॉलेजात सुरू झाल्या, आज देशभर आहेत. भाची त्यातल्या एकीत गेली तेव्हा वहिनीला वाटलं हे वधूवर सूचक मंडळ आहे.

कोथरूड_ते_कोलंबस:
हाहा, आमच्याकडे सासूबाईंनी "हॉस्टेलच ना ते?" म्हणून विषय मिटवला. पाणीपुरी, मुद्दा मान्य. पण त्या संघटना बाहेर ठेवलेल्या मुलींनी स्वतःसाठी उभारल्या. डेल्टा झीटाच्या त्या २३ जणी कुठे जाणार होत्या? काका, याचं उत्तर द्या.

खडूस_काका:
एनपीसीतल्या दुसऱ्या नॅशनलमध्ये तर नाहीच. एनपीसीचा नियम आहे, एकीत दीक्षा झाली की उरलेल्या २५ चं दार कायमचं बंद. लोकल एनपीसीत येत नाही, त्यामुळे तिच्या मुलींना हा नियम लागत नाही. हे तुमच्या बाजूने जातंय, ठाऊक आहे. तरी फॉर्म भरण्याआधी लेकीला सांगा.