दुपटं सोडवताना

बाळ कुशीवर वळायला लागलंय, पण दुपट्यात गुंडाळलं नाही तर दचकून उठतं, असं तुम्ही लिहिलंय. वळायला लागलं की गुंडाळणं थांबवायलाच हवं, कारण पालथं पडलं तर हात अडकलेले असतात आणि त्याला परत वळता येत नाही. हात एकेक करून मोकळे करण्याइतका वेळ आता नाही, दोन्ही आजच सोडा. बिनबाह्यांची झोपपिशवी (पांघरुणाऐवजी बाळाच्या अंगात घालायची पिशवी) घाला, वजनदार मात्र नको. झोपवताना उताणंच, आणि अंथरुणात सुटं पांघरूण, उशी काही नको. ते दचकणं जन्मजात असतं, 4 ते 6 महिन्यांत आपोआप जातं. दचकलं की लगेच उचलू नका, छातीवर हलकेच तळहात ठेवून बघा. आमच्याकडे पहिल्या चार रात्री फार जड गेल्या. पाचव्या रात्री आमची लेक स्वतःची मूठ चोखत झोपली!