रेड वाइन आणि रूम टेंपरेचर
शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षांची रेड वाइन) उघडली की नुसता अल्कोहोलचा भपका येतो, बाकी कसलाच वास नाही, म्हणजे बाटलीच वाईट, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. आधी तापमान बघा. रेडसाठी रूम टेंपरेचर म्हणजे साधारण १६ ते १८ अंश, आपल्या खोलीत २८-३० असेल तर अल्कोहोल भराभर उडतं आणि बाकीचे वास त्याखाली दबतात. मी मागे एकाच शिराझचे दोन ग्लास घेतले, एक कपाटातून काढून लगेच ओतलेला आणि दुसरा बाटली २५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून, तर पहिल्यात नाक चुरचुरलं आणि घशाशी गरम लागलं, दुसऱ्यात चक्क काळी मिरी! ताजी कुटलेली असावी तशी, आणि मागाहून गडद जांभळ्या फळांचा वास. हा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा, मिरीतही तेच असतं. काही जणांच्या नाकाला तो येतच नाही, त्यामुळे एकच वाइन चाखणाऱ्या दोघांच्या वास-चवीच्या नोट्स जुळल्या नाहीत तरी दोघंही बरोबर असू शकतात. फक्त फार गार करू नका, टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून येणारे घटक, जास्त तुरट लागायला लागतात.